भौगोलिक विदेचे द्विमान संक्षेपण : ‘ओपनस्ट्रीटमॅप’च्या पीबीएफ प्रारूपाची चिकित्सा

गोषवारा

नकाशाची विदा संगणकात साठवताना ती लहान करावी लागते. ही प्रक्रिया केवळ तांत्रिक सोय मानून तिचे मूल्यमापन आकार व वेग या दोनच निकषांवर करण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशाप्रकल्पाचे पीबीएफ हे द्विमान प्रारूप चिकित्सेसाठी घेतले आहे. पुनरावृत्ती गाळणे आणि माहिती गाळणे या दोन भिन्न क्रिया असून त्यांतील भेद वाचकाला कळेल अशी व्यवस्था प्रारूपात आहे किंवा नाही, हा संक्षेपणाच्या चिकित्सेचा मुख्य निकष असावा, असे येथे प्रतिपादन केले आहे. पीबीएफ या निकषावर बऱ्याच अंशी उतरते. त्यापासून तयार होणारी दुय्यम प्रारूपे मात्र उतरत नाहीत, असा निष्कर्ष काढला आहे.

बीजशब्द : भौगोलिक विदा, द्विमान प्रारूप, संक्षेपण, सामान्यीकरण, देवनागरी, जतन

१. प्रास्ताविक

नकाशा हा मुळातच संक्षेप होय. जमिनीवरचे सर्व काही कागदावर येत नाही. काय घ्यावे आणि काय वगळावे याचा निर्णय नकाशाकाराने घेतलेला असतो. कागदी नकाशात हा निर्णय बहुतांशी उघड असे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशाच्या समासात प्रमाण, सर्वेक्षणाचे वर्ष, आवृत्ती आणि सांकेतिक चिन्हांची सूची दिलेली असते. एक इंचास एक मैल या प्रमाणाचा किंवा १ : ५०,००० या प्रमाणाचा नकाशा हाती घेणाऱ्या अभ्यासकाला, या नकाशावर आपण किती विश्वास ठेवावा, याचा अंदाज त्या समासावरून येतो.

संगणकीय विदेला असा समास नसतो. तिचा समास म्हणजे तिचे प्रारूप. फाइलीत सहनिर्देशक कोणत्या अचूकतेने ठेवले, नावे कोणत्या भाषेत ठेवली, नोंद कोणी व केव्हा केली हे जपले की टाकले, या सर्व प्रश्नांची उत्तरे प्रारूपात दडलेली असतात. आज भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, पर्यावरणशास्त्र व ग्रामीण विकास या विषयांचे विद्यार्थी अशी विदा सर्रास वापरतात. रस्त्यांची घनता, शाळेपासूनचे अंतर, आरोग्यकेंद्राचे सेवाक्षेत्र अशी मोजमापे तिच्यावर आधारलेली असतात. त्यामुळे प्रारूपाची चिकित्सा हा केवळ संगणकशास्त्र विभागाचा विषय राहिलेला नाही.

ही चिकित्सा अमूर्तपणे करण्याऐवजी एक प्रारूप निश्चित करून करणे इष्ट. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा प्रकल्प २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये सुरू केला. स्वयंसेवकांनी नोंदवलेली जगाची नकाशाविदा मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून देणे हे त्याचे कार्य. त्याची विदा आरंभी एक्सएमएल या अक्षररूप प्रारूपात वितरित होत असे. २०१० मध्ये स्कॉट क्रॉस्बी यांनी तिच्यासाठी पीबीएफ हे द्विमान, म्हणजे प्रचलित भाषेत बायनरी, प्रारूप तयार केले. आज या विदेचे वितरण प्रामुख्याने त्याच प्रारूपात होते.

२. चिकित्सेचे निकष

पीबीएफच्या बाजूने त्याच्या कर्त्यांनी आरंभी मांडलेला दावा असा होता : जीझिपने आवळलेल्या एक्सएमएल फाइलीच्या तुलनेत आकार सुमारे निम्मा, बीझिपने आवळलेल्या फाइलीच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी, लिहिण्याचा वेग जीझिपच्या पाचपट व वाचण्याचा सहापट. हे लाभ लहान नाहीत. संपूर्ण जगाची पीबीएफ फाइल आज ८० गिगाबाइटांहून मोठी आहे. मोठ्या प्रारूपात ती उतरवून घेणे साधारण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला जड गेले असते.

तथापि आकार व वेग हे निकष अपुरे आहेत. कारण माहिती फेकून दिली तरी आकार कमी होतो व वेग वाढतो. म्हणून प्रस्तुत लेखात चार प्रश्न निकष म्हणून घेतले आहेत. पहिला, संक्षेपण उलटवता येते काय, म्हणजे मूळ विदा जशीच्या तशी परत मिळते काय? दुसरा, जे गाळले त्याची कबुली फाइलीत आहे काय? तिसरा, सर्व भाषांतील नावांना प्रारूप समान न्याय देते काय? चौथा, आजचा वाचक व आजची साधने नाहीशी झाल्यावरही फाइल वाचता येईल काय?

३. पुनरावृत्तीचा शोध

‘ओपनस्ट्रीटमॅप’मध्ये तीनच प्रकारचे घटक असतात. नोड म्हणजे अक्षांश-रेखांश असलेला बिंदू. वे म्हणजे नोडांच्या क्रमवार यादीने बनलेली रेषा किंवा सीमा. आणि रिलेशन म्हणजे अशा घटकांचा समूह, उदाहरणार्थ एखादा बसमार्ग किंवा तालुक्याची हद्द. प्रत्येक घटकाला किल्ली व मूल्य अशा जोडीचे टॅग लावता येतात. एक्सएमएलमध्ये प्रत्येक नोडसाठी ‘नोड’, ‘लॅट’, ‘लॉन’ ही रोमन अक्षरे पुन्हा लिहावी लागतात, सहनिर्देशकांचा प्रत्येक अंक एकेक बाइट व्यापतो, आणि ‘हायवे’सारखी किल्ली फाइलीत असंख्य वेळा येते.

पीबीएफने ही पुनरावृत्ती तीन ठिकाणी पकडली आहे. त्याचा पाया गूगलने २००८ मध्ये मुक्त केलेल्या ‘प्रोटोकॉल बफर्स’ या पद्धतीवर आहे. या पद्धतीत पूर्णांक जितका लहान तितके कमी बाइट तो घेतो. प्रत्येक बाइटातील सात द्विमान अंक संख्येसाठी आणि आठवा ‘पुढे आणखी बाइट आहे’ हे सांगण्यासाठी वापरला जातो. दुसरे, संपूर्ण विदा लहान खंडांत विभागलेली असते. एका खंडात साधारणपणे ८,००० घटक ठेवले जातात, आणि विस्तारलेल्या खंडाचा आकार ३२ मेगाबाइटांच्या आत असावा असे बंधन आहे. प्रत्येक खंडाच्या आरंभी त्यातील सर्व शब्दांची सारणी असते. पुढे शब्दाऐवजी केवळ त्याचा सारणीतील क्रमांक येतो. तिसरे, सहनिर्देशक व घटकांचे क्रमांक स्वतंत्रपणे न लिहिता आधीच्या मूल्यापासूनचा फरक लिहिला जातो. एवढे झाल्यावर खंड झेडलिब या सर्वसाधारण पद्धतीने पुन्हा आवळला जातो.

फरक लिहिण्याची युक्ती उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पुण्यातील एका रस्त्यावरील तीन लागोपाठच्या बिंदूंचे अक्षांश १८.५१९५०००, १८.५१९५४२० आणि १८.५१९५९१० असे आहेत. दशांशचिन्ह काढून ते पूर्णांक केले की १८,५१,९५,००० ही पहिली संख्या राहते, आणि पुढील दोन बिंदूंसाठी ४२० व ४९० एवढेच लिहावे लागते. पहिल्या संख्येला पाच बाइट लागतात. पुढच्या प्रत्येक फरकाला दोनच. अक्षररूपात याच प्रत्येक अक्षांशाला दशांशचिन्हासह दहा बाइट लागले असते. अक्षांशातील फरक सुमारे ९० मीटरांच्या आत असेल तोवर दोन बाइट पुरतात.

ही युक्ती आपल्या परंपरेला अपरिचित नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत पुन्हा न उच्चारता अनुवृत्तीने चालू राहते. बदल झाला तेवढाच सांगितला जातो. अनुवृत्तीचे जे मोल द्यावे लागते तेच येथेही द्यावे लागते. मधले एखादे सूत्र सुटे वाचून अर्थ लागत नाही. त्याचप्रमाणे खंडातील पाचहजारावा नोड वाचण्यासाठी पहिल्यापासून बेरीज करीत यावे लागते. हे परावलंबन अमर्याद होऊ नये म्हणून प्रत्येक खंडात गणना नव्याने सुरू होते. एक खंड बिघडला तरी दुसरा वाचता येतो, आणि अनेक खंड एकाच वेळी उलगडता येतात. लाघव आणि सुटेपणा यांचा हा समतोल पीबीएफच्या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक साधलेला भाग होय.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फाइलीत नोडांचा क्रम प्रायः त्यांच्या क्रमांकानुसार, म्हणजे निर्मितीच्या क्रमाने असतो, स्थानानुसार नसतो. तरीही लागोपाठच्या नोडांतील अंतर लहान निघते, कारण एखादा स्वयंसेवक एका बैठकीत एक रस्ता किंवा एक वस्ती रेखाटतो आणि त्याच्या बिंदूंना सलग क्रमांक मिळतात. सलग क्रमांकांमधील फरक एक. त्यास एकच बाइट पुरतो. म्हणजे या संक्षेपणाचे यश केवळ गणितावर उभे नाही; माणसे नकाशा कशी काढतात या सवयीवरही ते उभे आहे. आधीच रेखाटलेल्या भागात वर्षानुवर्षे तुरळक दुरुस्त्या होत गेल्या की तेथील क्रमांक विस्कळीत होतात आणि हा लाभ ओसरतो.

याच रचनेतून पीबीएफची मोठी मर्यादाही निर्माण होते. वे या घटकात बिंदूंचे सहनिर्देशक नसतात, केवळ क्रमांक असतात. सातारा शहराचे रस्ते हवे असतील तर रस्त्यांची यादी एका ठिकाणी व त्यांचे बिंदू दुसऱ्या ठिकाणी शोधावे लागतात, आणि अमुक परिसराची माहिती कोणत्या खंडात आहे हे सांगणारी सूची फाइलीत प्रायः नसते. वे सोबत स्थाने ठेवण्याची ऐच्छिक सोय पुढे झाली; परंतु तिने आकार वाढतो. पीबीएफ हे वितरणाचे व साठवणीचे प्रारूप आहे, प्रश्न विचारण्याचे नव्हे, हे जाणूनच त्याचा वापर करणे योग्य.

४. अचूकतेचा प्रश्न

पहिला निकष उलटवता येण्याचा. पीबीएफमध्ये सहनिर्देशकांचे मूळ एकक १०० नॅनोअंश, म्हणजे अंशाचा एककोटीवा भाग, एवढे धरले आहे. विषुववृत्तावर हे अंतर सुमारे १.१ सेंटिमीटर भरते. प्रकल्पाच्या मूळ विदागारातही सहनिर्देशक सात दशांश स्थळांपर्यंतच ठेवले जातात. त्यामुळे या रूपांतरात काहीच हरवत नाही. १८० अंश गुणिले एक कोटी ही संख्या ३२ अंकी द्विमान पूर्णांकात मावते, ही आणखी एक सोय.

याच्याशी तुलना करण्यास ‘शेपफाइल’ हे जुने व आजही प्रचलित प्रारूप घ्यावे. त्याचे तांत्रिक वर्णन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेही द्विमानच आहे. परंतु त्यात प्रत्येक सहनिर्देशकाला आठ बाइटांची अपूर्णांकी संख्या दिलेली असते. पुण्याच्या रेखांशाजवळ अशा संख्येची सूक्ष्मता दोन नॅनोमीटरांहूनही बारीक असते. मोबाइल संचातील जीपीएसची अचूकता उघड्या आकाशाखाली सुमारे पाच मीटर असते हे लक्षात घेता, ही सूक्ष्मता ज्ञान नसून ज्ञानाचा आभास आहे. जे मोजलेच नाही त्याचे अंक जपण्यात जागा तर जातेच. शिवाय वाचकाची दिशाभूल होते. द्विमान असणे आणि संक्षिप्त असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही यावरून दिसून येते.

मात्र पीबीएफमधील एक तरतूद काळजीने पाहिली पाहिजे. प्रत्येक खंडास आपले एकक बदलण्याची मुभा आहे. एकक शंभरपट मोठे केले की अचूकता सुमारे १.१ मीटरवर येते आणि फाइल लहान होते. हा व्यय प्रत्येक खंडात नोंदलेला असतो, हे प्रारूपाचे श्रेय. परंतु नेहमीच्या साधनांतून विदा उघडणाऱ्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर ते एकक सहसा येत नाही. कबुली आहे, ती वाचली जात नाही. हा दोष प्रारूपाचा कमी आणि अध्यापनाचा अधिक म्हणावा लागेल.

भविष्याबाबतही पीबीएफची रचना दूरदर्शी ठरली. २०१३ च्या आरंभी नोडांच्या क्रमांकांनी २,१४,७४,८३,६४७ ही चिन्हांकित ३२ अंकी पूर्णांकाची मर्यादा ओलांडली. क्रमांकासाठी ठरावीक चार बाइट राखून ठेवणाऱ्या प्रणाली त्यामुळे बदलाव्या लागल्या. पीबीएफला मात्र हात लावावा लागला नाही. संख्या मोठी झाली तसा तिने आणखी एखादा बाइट घेतला एवढेच.

५. देवनागरी नावांचे ओझे

युनिकोडच्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘पुणे’ या शब्दात दोन अक्षरे दिसत असली तरी चिन्हे चार, म्हणून बाइट बारा. रोमन लिपीत तेच नाव चार बाइटांत मावते. ‘महाराष्ट्र’ या शब्दातील हलन्त चिन्हे धरून दहा चिन्हांना तीस बाइट लागतात. यावरून, मराठी नावे नकाशाला जड करतात, असा युक्तिवाद होऊ शकतो.

पीबीएफच्या संदर्भात हा युक्तिवाद फारसा टिकत नाही. एकतर नाव खंडाच्या सारणीत एकदाच लिहिले जाते. दुसरे असे की, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. झेडलिबची पद्धत वारंवार येणाऱ्या बाइटांना आखूड संकेत देते. त्यामुळे तीन बाइटांपैकी पहिल्या दोघांचे ओझे बरेच हलके होते. म्हणजे जेथे पुनरावृत्ती होती तेथे ती गाळली गेली आणि नाव अबाधित राहिले. मराठी नावासाठी भाषेचा संकेत जोडलेली स्वतंत्र किल्ली प्रकल्पात आहे, आणि तशा कितीही किल्ल्या एका गावाला लावता येतात. शेपफाइलच्या सोबतच्या कोष्टकात स्तंभाच्या नावाला दहाच बाइटांची मर्यादा आहे. त्यात देवनागरीची तीनच चिन्हे बसतात. या पार्श्वभूमीवर पीबीएफची उदारता उठून दिसते.

खरी अडचण पुढच्या पायरीवर सुरू होते. मोबाइलवरील नकाशासाठी विदा आणखी लहान करताना प्रत्येक गावाचे एक किंवा दोन भाषांतील नाव ठेवून बाकीची वगळणे हा सोपा मार्ग असतो. येथे पुनरावृत्ती गाळली जात नाही. माहिती गाळली जाते. आणि बाइटांची बचत हे कारण पुढे करून, कोणत्या भाषेत गावाला हाक मारायची याचा निर्णय परस्पर घेतला जातो. त्यास तांत्रिक निर्णय म्हणणे उचित नाही.

६. दुय्यम प्रारूपे आणि न सांगितलेली काटछाट

पीबीएफ ही सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीस पडणारी वस्तू नव्हे. पडद्यावर दिसतो तो बहुधा ‘व्हेक्टर टाइल’ या प्रकारात रूपांतरित झालेला नकाशा. या प्रकारातील सर्वाधिक प्रचलित प्रारूपही प्रोटोकॉल बफर्सवरच आधारलेले असून फरक लिहिण्याची युक्तीही तेथे आहे. या साधर्म्यामुळे दोन्ही प्रारूपे एकाच जातीची वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे.

टाइलमध्ये अक्षांश-रेखांश उरत नाहीत. पृथ्वीचा चौकोनी तुकडा घेऊन त्यावर सर्वसाधारणपणे ४,०९६ गुणिले ४,०९६ घरांची जाळी टाकली जाते आणि प्रत्येक बिंदू जवळच्या घराशी बसवला जातो. विवर्धनाच्या चौदाव्या पातळीवर विषुववृत्तापाशी टाइलची बाजू सुमारे २.४ किलोमीटर असते, म्हणून एका घराची बाजू सुमारे ६० सेंटिमीटर भरते. दहाव्या पातळीवर हेच घर सुमारे साडेनऊ मीटरांचे होते, आणि संपूर्ण जग एका टाइलमध्ये बसवणाऱ्या शून्य पातळीवर जवळजवळ पावणेदहा किलोमीटरांचे. पाहण्यासाठी एवढी सूक्ष्मता पुरेशी आहे. मोजण्यासाठी नाही.

त्याआधी रेषांचे सुलभीकरण झालेले असते. डेव्हिड डग्लस व थॉमस प्यूकर यांनी १९७३ मध्ये मांडलेली रीत सर्वपरिचित आहे : रेषेची दोन टोके सरळ जोडावीत, त्या सरळ रेषेपासून सर्वांत दूरचा बिंदू पाहावा, तो ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर मधले सर्व बिंदू टाकावेत, बाहेर असेल तर तेथे रेषा तोडून हीच क्रिया दोन्ही भागांवर करावी. महेश्वरी विश्वलिंगम यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे बिंदूचे महत्त्व त्याने बनणाऱ्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळावरून ठरवण्याची पर्यायी रीत सुचवली. ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणतीही रीत घेतली तरी मर्यादा किती ठरवायची हा माणसाचा निर्णय असतो, आणि तयार टाइलमध्ये त्या निर्णयाची नोंद सक्तीची नसते.

दोन तालुक्यांची सामाईक सीमा दोन्हीकडून स्वतंत्रपणे सुलभ केली तर मध्ये फटी किंवा आच्छादने निर्माण होऊ शकतात. माइक बोस्टॉक यांनी २०१२ मध्ये तयार केलेल्या ‘टोपोजेसन’ने सामाईक सीमा एकदाच साठवून हा प्रश्न सोडवला. हे प्रारूप अक्षररूप असले तरी येथे त्याचा उल्लेख प्रस्तुत आहे. सीमा एकदाच लिहिणे ही पुनरावृत्तीची बचत; त्याच प्रारूपात सहनिर्देशक जाळीवर बसवणे हा माहितीचा व्यय. फाइल अमुक टक्के लहान झाली असे सांगताना या दोहोंची एकच संख्या दिली जाते. संक्षेपणाविषयीच्या लेखनातील हा सर्वांत रूढ दोष आहे. मिळालेल्या बचतीतून किती भाग पुनरावृत्तीचा व किती माहितीचा, हे स्वतंत्रपणे सांगितलेच पाहिजे.

या काटछाटीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. लहान प्रमाणावर उतरताना लहान वस्त्या आधी गाळल्या जातात. महाराष्ट्राच्या संदर्भात वाडी, पाडा, तांडा व वस्ती या लोकवस्त्या गावाच्या नावाआड जातात. एका महसुली गावात अनेक पाडे असले तरी नकाशावर एकच बिंदू उरतो. अशा नकाशावरून शाळेचे किंवा आरोग्यकेंद्राचे अंतर मोजणाऱ्या प्रबंधात पाड्यावरच्या कुटुंबाचे अंतर मुख्य गावाचे म्हणून नोंदले जाईल. चूक गणनेची असणार नाही. ज्या नोंदी गणनेस हव्या होत्या त्या आधीच गेलेल्या असतील.

७. किनारपट्टीचा धडा

सुलभीकरणाचा परिणाम संख्येवर कसा होतो याचे सर्वांना पटण्यासारखे उदाहरण समुद्रकिनाऱ्याचे आहे. किनाऱ्याची लांबी मोजपट्टीच्या लहानमोठेपणावर अवलंबून असते, हे लुईस फ्राय रिचर्डसन यांनी दाखवले आणि बेन्वा मांडेलब्रो यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याविषयीच्या निबंधात त्याची गणिती मीमांसा केली. भारताच्या किनाऱ्याची लांबी दीर्घकाळ ७,५१६.६ किलोमीटर सांगितली जात असे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात ती ११,०९८.८ किलोमीटर अशी सुधारण्यात आली. जुनी मोजणी १ : ४५ लाख या प्रमाणावरची, तर नवी १ : २.५ लाख या प्रमाणावरची होती. महाराष्ट्राची लांबी जुन्या गणनेत ६५२.६ किलोमीटर होती, ती ८७७.९७ किलोमीटर झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत रूढ असलेली संख्या ७२० किलोमीटर ही आणखी निराळीच.

कोकणचा किनारा या दरम्यान वाढलेला नाही. वाढले ते नकाशातील बिंदू. खाड्या, भूशिरे आणि दंतुर कडा यांची नोंद वाढली. म्हणून प्रमाण न सांगता दिलेली किनाऱ्याची लांबी जशी अर्धवट, तशीच सुलभीकरणाची मर्यादा न सांगता दिलेली रस्त्याची, नदीची किंवा सीमेची लांबीही अर्धवट होय. घाटरस्त्याची वळणे गाळलेल्या नकाशावर दोन गावे प्रत्यक्षापेक्षा जवळ येतात.

८. किल्ली हरवू नये

चौथा निकष जतनाचा. एक्सएमएल फाइल पन्नास वर्षांनी साध्या संपादकात उघडली तरी डोळ्यांनी वाचता येईल. पीबीएफ फाइल तशी उघडल्यास केवळ चिन्हांचा गोंधळ दिसेल. तिचा अर्थ लावण्यासाठी तिची रचना सांगणारी वेगळी वर्णनफाइल लागते. सूत्राला जशी वृत्ती, तशी द्विमान फाइलीला तिची वर्णनफाइल.

या बाबतीत मराठी अभ्यासकाजवळ जिवंत अनुभव आहे. मोडी ही जलद लेखनासाठी वापरली गेलेली लिपी. तीत अनेक शब्दांची संक्षिप्त रूपे रूढ होती, तारखेतील ‘चंद्र’ या शब्दाऐवजी केवळ ‘छ’ लिहिला जाई. लिहिणारा व वाचणारा एकाच दफ्तराच्या परंपरेतले असेपर्यंत यात काहीच अडचण नव्हती. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचा प्रचंड साठा सुरक्षित आहे. उणीव आहे ती वाचकांची. कागद टिकला म्हणजे नोंद टिकली असे होत नाही. वाचण्याची किल्लीही टिकावी लागते.

पीबीएफची किल्ली सार्वजनिक आहे, तिच्यावर कोणा एका कंपनीची मालकी नाही, आणि अनेक संगणकीय भाषांत तिची स्वतंत्र वाचनसाधने उपलब्ध आहेत. फाइलीच्या शीर्षखंडात, ही फाइल वाचण्यासाठी कोणती वैशिष्ट्ये अवगत असणे अनिवार्य आहे, याची यादी असते. ती अवगत नसलेल्या साधनाने चुकीचा अर्थ लावण्याऐवजी फाइल नाकारावी अशी अपेक्षा आहे. ही शिस्त अनुकरणीय होय.

नोंद कोणी केली याचा मागोवा मात्र दुबळा आहे. आवृत्ती, वेळ व नोंदकर्ता हे तपशील पीबीएफमध्ये ऐच्छिक आहेत. युरोपीय संघाचा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा नियम मे २०१८ मध्ये लागू झाल्यावर, प्रादेशिक उतारे वितरित करणाऱ्या जिओफॅब्रिक या जर्मन संस्थेने आपल्या सार्वजनिक फाइलींतून नोंदकर्त्याचे नाव, क्रमांक व बदलसंचाचा क्रमांक वगळले. व्यक्तीच्या खासगीपणाच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीयच आहे. परंतु एखाद्या जिल्ह्याचा नकाशा अनेकांनी मिळून काढला की एकाच व्यक्तीने, हा समाजशास्त्रीय प्रश्न अशा फाइलीवरून सोडवता येत नाही, हे संशोधकाला आधी माहीत असले पाहिजे.

९. निष्कर्ष

पीबीएफ प्रारूप पुनरावृत्ती आणि माहिती यांतील भेद जाणते. पहिली गाळते आणि दुसरी जपते. अचूकतेतील व्यय झाल्यास त्याची नोंद ठेवते, आणि देवनागरीला रोमनच्या बरोबरीने वागवण्यात बऱ्याच अंशी यशस्वी होते. स्थानानुसार शोध घेण्यातील गैरसोय, डोळ्यांनी न वाचता येणे आणि नोंदकर्त्याच्या तपशिलांचा ऐच्छिकपणा या त्याच्या मर्यादा होत. त्याच्यापासून निघणाऱ्या टाइलरूप नकाशांना मात्र ही शिस्त लागू नाही. ते पाहण्यासाठी उत्तम आहेत. पुरावा म्हणून स्वीकारण्यास अपात्र आहेत.

यातून अध्यापन व संशोधन यांसाठी तीन अपेक्षा निष्पन्न होतात. नकाशाविदेवर आधारलेल्या प्रत्येक प्रबंधात विदेचा दिनांक, मूळ प्रारूप, सहनिर्देशकांचे एकक व सुलभीकरणाची मर्यादा यांची नोंद असावी; ज्या प्रबंधात ती नसेल तो परीक्षकाने परत करण्यास हरकत नसावी. अंतर, लांबी व क्षेत्रफळ यांची मोजमापे पडद्यावरील टाइलवरून न करता मूळ विदेवरून करावीत. आणि महाविद्यालयाने जतन केलेल्या प्रत्येक द्विमान फाइलीसोबत तिची वर्णनफाइल व निदान एक अक्षररूप प्रत ठेवावी. या तिन्हींसाठी वेगळा निधी लागत नाही. कागदी नकाशाचा समास वाचण्याची जी सवय भूगोलाच्या अध्यापकांनी पिढ्यानुपिढ्या विद्यार्थ्यांना लावली, तीच सवय आता फाइलीच्या शीर्षखंडापर्यंत नेणे आवश्यक आहे.